पाताळाचा नकाशा काढणारा वकील

पाताळात जाऊन आलेल्यांच्या कथा आपल्याकडे काही कमी नाहीत. वामनाने बळीराजाला तेथे लोटले, विष घालून नदीत टाकलेला भीम नागलोकी जाऊन पोचला, अर्जुनाला उलूपी घेऊन गेली. पण पाताळाची लांबीरुंदी मोजून, खोली टिपून, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून ज्याने त्याचा रीतसर नकाशा वर आणला, असा माणूस शोधू लागलो तर मला एका फ्रेंच वकिलापाशी येऊन थांबावे लागते. त्याचे नाव एदुआर-आल्फ्रेद मार्तेल. फ्रान्समध्ये त्याला गुहाशास्त्राचा जनक म्हणतात. आपल्याकडे भूगोलाच्या क्रमिक पुस्तकात चुनखडीच्या प्रदेशावर एक प्रकरण असते, त्यात विलयविवरे येतात, अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ येतात, आकृत्याही येतात. मात्र त्या आकृत्या काढण्यासाठी काळोखात प्रथम कोण उतरले, हे कोठे येत नाही.

मी मानवतचा. आपल्या तालुक्यात नाव घेण्याजोगा डोंगर नाही, मग गुहा कोठून असणार? काळी जमीन, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली कातळ. हा कातळ लाव्हा थंड होऊन झालेला आहे. पावसाचे पाणी त्याला चुनखडीसारखे विरघळवत नाही. म्हणूनच अजिंठा-वेरूळपासून आपल्याकडच्या ज्या गुहा जगभर गाजल्या, त्या माणसाने छिन्नीने कोरलेल्या आहेत. चुनखडीचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, खडकाच्या भेगेत शिरते आणि हजारो-लाखो वर्षे तो खडक विरघळवत राहते. भेगेचे भुयार होते, भुयाराचा महाल होतो, महालाचे छत कोसळले की वर शेतात एकाएकी तोंड वासलेले विवर दिसते. मार्तेलचे सारे आयुष्य अशा विवरांच्या तोंडाशी गेले.

त्याचा जन्म १ जुलै १८५९ रोजी पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावी झाला. घराणे वकिलांचे. सात वर्षांचा असताना, १८६६ साली, आईवडिलांबरोबर पिरेनीज पर्वताकडे गेला असता त्याने गार्गासची गुहा पाहिली. पुढे ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्याच्या हाती पडल्या, आणि त्या काळच्या हजारो फ्रेंच मुलांप्रमाणे तोही पृथ्वीच्या पोटात शिरण्याची स्वप्ने पाहू लागला. १८७७ साली देशभरच्या विद्यालयांसाठी होणाऱ्या स्पर्धेत त्याने भूगोलाचे पहिले पारितोषिक मिळविले. आता हा मुलगा भूगोलच शिकणार असे कोणालाही वाटले असते! परंतु घरची चाल मोडली नाही. त्याने कायद्याचा अभ्यास केला, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात वकिली सुरू केली. आवडीचा विषय एक आणि पोटाचा विषय दुसरा, ही गोष्ट आपल्या वर्गातल्या निम्म्या बाकांना समजावून सांगावी लागणार नाही. मार्तेलने या दोहोंत जी वाटणी केली ती मात्र पाहण्याजोगी आहे. वर्षभर दावे-फिर्यादी, आणि उन्हाळ्याच्या सुटीत दोर, शिडी व मेणबत्त्या.

ही सुटी तो बहुधा दक्षिण फ्रान्समधील कॉस या प्रदेशात घालवी. कॉस म्हणजे चुनखडीची उंच, उघडीबोडकी पठारे. मधून नद्यांनी शेकडो मीटर खोल दऱ्या कापलेल्या. पठारावर पाऊस पडतो, पण ओढा दिसत नाही. पडलेले पाणी जागच्या जागी गडप होते. मेंढरांसाठी तळी बांधून पाणी साठवायचे, माणसांसाठी हौद. आणि तेथेच दरीत उतरावे तर कड्याच्या पायथ्याशी थंडगार पाण्याचे झोत बाहेर पडत असतात. वर दुष्काळ आणि खाली नदी! मधल्या तीन-चारशे मीटर खडकात पाणी काय करते, कोठून कोठे जाते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पठारावर ठिकठिकाणी खोल उभी विवरे होती. तेथील लोक त्यांना आवँ म्हणत. मेंढपाळ त्यांच्या कडेला दगडांची भिंत घालीत, मेलेली जनावरे त्यांत टाकीत आणि रात्री त्या बाजूस फिरकत नसत. सैतानाच्या आणि भुतांच्या कथा होत्याच.

मार्तेलच्या कामाची खरी सुरुवात मानतात ती जून १८८८ मधील ब्रामाब्योची. सेवेन पर्वतात बोनर नावाची एक लहान नदी आहे. या नावाचा अर्थ सुख. ही सुखनदी एके ठिकाणी चुनखडीत शिरून नाहीशी होते आणि सरळ रेषेत पाचशे मीटरही अंतर नाही अशा एका कड्यातून, सुमारे नव्वद मीटर खाली, धबधब्याच्या रूपाने बाहेर पडते. पुराच्या दिवसांत तेथे जो घोष होतो, त्यावरून त्या जागेला डुरकणाऱ्या बैलाचे नाव पडले आहे. ब्रामाब्योचा अर्थ तोच. एका टोकाला सुख आणि दुसऱ्या टोकाला डुरकणी, मधले कोणीच पाहिलेले नव्हते. मार्तेल आणि त्याचे साथीदार वरच्या तोंडाने आत शिरले, धबधबे उतरले, गळ्याइतक्या गार पाण्यातून चालले आणि खालच्या तोंडाने उजेडात आले. जमिनीखाली गेलेल्या नदीची वाट माणसाला शेवटपर्यंत चालून पाहता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मार्तेल त्या वेळी एकोणतीस वर्षांचाही पुरता नव्हता.

येथे त्या साथीदारांपैकी एकाविषयी सांगितलेच पाहिजे. ल रोझिए या लहान गावात लुई आर्मां नावाचा एक लोहार होता. कुलपे करणे, लोखंड ठोकणे हा त्याचा धंदा. मार्तेलला तो भेटला आणि पुढची कित्येक वर्षे या दोघांची जोडी फुटली नाही. शिडी कोठे बांधायची, कोणता दगड वजन पेलेल, पाय ठेवला तर कोणता निसटेल, हे आर्मांला पाहताक्षणी कळे. कितीतरी विवरांत आधी तोच उतरला. मार्तेलच्या चरित्रात त्याला मदतनीस म्हणून दोन ओळी मिळतात, हे मला पटत नाही. वकील नसता तर या गुहांचे शास्त्र झाले नसते हे खरे. पण लोहार नसता तर वकील पहिल्याच वर्षी एखाद्या विवरात राहिला असता, हेही तितकेच खरे आहे. मार्तेलच्या बाजूने एवढे नमूद करतो की, सर्वांत सुंदर गुहेला त्याने आर्मांचे नाव दिले. त्या गुहेकडे पुढे येतो.

या मंडळींची साधने आज पाहिली तर हसू येईल. लाकडी पायऱ्यांच्या दोरशिड्या, शंभर-शंभर मीटरांचे सोल, मेणबत्त्या, क्षणभर लख्ख उजेड पाडणारी मॅग्नेशियमची फीत. घडी घालून पोत्यासारखी उचलून नेता येईल अशी कापडी होडी. आणि त्या काळात नवलाचीच म्हणावी अशी वस्तू, टेलिफोन. आठदहा माणसे वर दोर धरून उभी आहेत, खाली लोंबकळणाऱ्याला ओढा की सोडा हे सांगायचे आहे, आणि धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. अशा वेळी एका तारेवर माणसाचा जीव असे. आपल्याकडे विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडतात. तो विझला तर कोणी उतरत नाही. विहिरीच्या काठावर बसून दोराचा ताण हाताने ओळखणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला मार्तेलच्या मंडळींची ती धाकधूक वेगळी समजावून द्यायला नको.

९ जुलै १८८९ रोजी मार्तेल, त्याचा नातलग गाब्रिएल गोपिया, लुई आर्मां आणि एमिल फुलकिए असे चौघे पादिराकच्या विवरापाशी आले. हे विवर म्हणजे जमिनीत पडलेले सुमारे तेहतीस मीटर रुंद आणि पंचाहत्तर मीटर खोल असे भगदाड. सैतानाने टाच आपटली आणि जमीन फाटली, संत मार्तेंने खेचरासकट त्यावरून उडी मारली, अशी तेथील आख्यायिका. चौघे खाली उतरले. तळाशी दगडांचा ढीग, बाजूला एक फट, फटीतून आणखी खाली उतरल्यावर जमिनीच्या पृष्ठापासून शंभर मीटरांहून अधिक खोलवर त्यांना पाणी दिसले, आणि ते पाणी वाहत होते. कापडी होडी खाली सोडण्यात आली. तिचे नाव त्यांनी मगर ठेवले होते. मार्तेल व गोपिया त्या होडीत बसले आणि जिच्यावर तोवर कोणाचीही नाव चालली नव्हती अशा त्या नदीवर सुमारे दोन किलोमीटर आत गेले. भिंती सरळ वर गेलेल्या, छत मेणबत्तीच्या उजेडाच्या आवाक्यापलीकडे. एका महालाचे छत तर पुढे नव्वद मीटरांहून अधिक उंच भरले. होडी पुढे नेता येईना तेथे ती उचलायची, बंधाऱ्यासारख्या चुन्याच्या कडांवरून पलीकडे ठेवायची आणि पुन्हा बसायचे. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा आले आणि आणखी पुढे गेले. आज पादिराकला उद्वाहकाने खाली जातात, होडीत बसतात आणि दर वर्षी लाखो लोक ती नदी पाहून येतात. १८९८ मध्ये ती जनतेसाठी खुली झाली.

पण साहस पुष्कळांनी केले आहे. मार्तेलच्या आधीही गुहांत उतरणारे होते, आणि त्यांतील काही त्याच्याहून खोल उतरले होते. त्याचे वेगळेपण मला त्याच्या वहीत दिसते. आत शिरताच तो होकायंत्र काढी. भुयार कोणत्या दिशेस वळले, किती मीटर गेले, किती उतरले, छत किती उंच, पाणी किती खोल, पाण्याची व हवेची उष्णता किती, हे सारे तो जागच्या जागी टिपून घेई. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे बॅरोमीटर जवळ असे, त्यामुळे तोंडापासून आपण किती खाली आलो याचा अंदाज बांधता येई. बाहेर आल्यावर तो दोन आकृत्या काढी. एक वरून पाहिलेली, म्हणजे आराखडा. दुसरी बाजूने कापून दाखविलेली, म्हणजे छेद. आता हे काम ओल्या कपड्यांत, बोटे बधिर झालेली असताना, टोपीला चिकटवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात करायचे आहे, हे ध्यानात घ्यावे. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला आपण साखळी व होकायंत्र घेऊन महाविद्यालयाचे मैदान मोजतो, तरी शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला नेमका मिळत नाही. मार्तेलच्याही आकड्यांत चुका निघाल्या, काही खोल्या त्याने जास्त धरल्या. परंतु नकाशा असल्यामुळेच पुढच्या माणसाला त्या चुका दाखविता आल्या.

नकाशा काढला की भुयार वरच्या जमिनीशी जोडता येते. हे गडप झालेले पाणी त्या गावाखालून जाते आणि त्या दरीतल्या झऱ्याशी निघते, असे बोट ठेवून सांगता येते. आणि मग मार्तेलच्या हातून ते काम झाले, ज्याच्यामुळे मला त्याच्यावर लिहावेसे वाटले.

१८९१ च्या उन्हाळ्यात लोत जिल्ह्यातील बेरी या ठिकाणी तो एका झऱ्याचे पाणी प्याला. झरा स्वच्छ, पाणी काचेसारखे. ते पिऊन तो आजारी पडला. झऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या विवरात उतरल्यावर त्याला तेथे सडत पडलेले वासरू सापडले. विवरात जे टाकले होते ते झऱ्यातून परत आले होते. त्या काळी फ्रान्समध्ये विषमज्वराने गावेच्या गावे आजारी पडत. पाश्चरमुळे रोग जंतूंपासून होतात हे लोकांना कळू लागले होते, पण झऱ्याच्या पाण्याविषयीची श्रद्धा अढळ होती. खडकातून आलेले पाणी शुद्धच असणार, असे डॉक्टर मानत, इंजिनियर मानत आणि शहरांचे नळ त्याच पाण्यावर चालत. मार्तेलने सांगितले की, वाळूतून झिरपलेले पाणी आणि चुनखडीतून आलेले पाणी यांत मोठा फरक आहे. वाळू पाणी गाळते. चुनखडीतली भेग पाणी नुसते वाहून नेते, नळ नेतो तसे. त्यामुळे चुनखडीतल्या पुष्कळ झऱ्यांना झरा म्हणणेच चूक आहे. वर कोठेतरी बुडालेली नदी तेथे पुन्हा डोके वर काढते, एवढेच. ओळखायचे कसे? त्याने झऱ्यांच्या पाण्याचे तापमान वेगवेगळ्या ऋतूंत मोजले. खरा, खोलवर झिरपलेला झरा वर्षभर एकाच तापमानाचा असतो. पाऊस पडताच गढूळ होणारा, उन्हाळ्यात कोमट आणि हिवाळ्यात गार होणारा झरा म्हणजे वरचेच पाणी.

हे म्हणणे त्याने वर्षानुवर्षे सभांतून, लेखांतून आणि सरकारी समित्यांपुढे मांडले. वकिली येथे कामी आली असावी. १५ फेब्रुवारी १९०२ रोजी फ्रान्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला, त्यात विवरांमध्ये मेलेली जनावरे टाकण्यास बंदी घालण्यात आली. या कलमामागे मार्तेल होता. त्याच सुमारास निसर्गाने, किंबहुना दारूने, त्याच्या बाजूने एक मजेदार साक्ष दिली. ऑगस्ट १९०१ मध्ये पाँतार्लिए येथील मद्याच्या कारखान्यावर वीज पडून आग लागली आणि बडीशेपेसारख्या वासाचे आब्सँत नावाचे मद्य मोठ्या प्रमाणात दू नदीत वाहून गेले. दोन दिवसांनी, मैलोगणती दूर, लू नावाच्या अगदी दुसऱ्याच नदीच्या उगमाला त्या मद्याचा वास येऊ लागला! म्हणजे ज्याला लोक उगम समजत होते ते पाणी दू नदीतून भुयाराने येत होते. पुढे १९१० मध्ये रंग टाकून ही गोष्ट पक्की करण्यात आली. आमच्या मित्रमंडळीत मी ही हकिकत सांगितली तेव्हा सर्वांना आगीपेक्षा त्या फुकट गेलेल्या मालाचेच दुःख अधिक झाले.

आपला कातळ चुनखडीचा नाही हे मी आरंभीच लिहिले. तरीही तो सर्वस्वी अभेद्य नाही. त्याला सांधे आहेत, भेगा आहेत, झिजून ठिसूळ झालेले थर आहेत आणि आपल्या विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी त्यांतूनच येते. पडका आड दिसला की गावाचा केर त्यात लोटायचा, मेलेले कुत्रे त्यात टाकायचे, ही रीत मराठवाड्यात कोणी पाहिली नाही असे नाही. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरच्या बारवेसारख्या बारवा ज्यांनी बांधल्या, त्यांनी पाण्यापर्यंत पायऱ्यांनी मानाने उतरत जाण्याची सोय केली होती. नंतरच्या पिढ्यांनी कितीतरी बारवा गाळाने आणि कचऱ्याने भरल्या. काही ठिकाणी अलीकडे लोकांनी श्रमदानाने हा गाळ उपसला आहे. मार्तेल येथे आला असता तर त्याने आधी बारव पाहिली असती, आणि मग शेजारच्या हापशाच्या पाण्याचे तापमान घेतले असते.

१८९० साली त्याचा आलीन द लोने हिच्याशी विवाह झाला. तिचा भाऊ लुई द लोने हा नामांकित भूशास्त्रज्ञ. म्हणजे गुहेचे वेड घरातही खपून जाण्याजोगे होते! १८९४ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याचे नाव विवरे. १८९५ मध्ये त्याने गुहाशास्त्राची संस्था स्थापन केली आणि स्पेलुंका हे तिचे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी १ ऑगस्टला इंग्लंडात यॉर्कशायरमधील गेपिंग गिल या विवरात तो उतरला. तेथे एक अख्खा ओढा सुमारे शंभर मीटर खोल कोसळतो. जॉन बर्कबेक नावाच्या इंग्रज गृहस्थाने पन्नासएक वर्षांपूर्वी प्रयत्न करून अर्ध्यावरच्या एका कडेपर्यंत मजल मारली होती. मार्तेल एकटा, धबधब्याच्या तुषारांत, दोरशिडीवरून अर्ध्या तासाच्या आत तळाशी पोचला. आणि एका भल्या मोठ्या मंदिरासारख्या दालनात उभा राहिला. तेथे त्याने काय केले असेल? वही काढली आणि दालन मोजले. परक्या देशातला माणूस येऊन आपले विवर उतरून गेला, ही गोष्ट यॉर्कशायरच्या लोकांना चांगलीच लागली, आणि तेथील गिर्यारोहकांनी पाठोपाठ गुहांचा ध्यास घेतला. दुसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातील माजोर्का बेटावर द्राक गुहेत त्याला एक मोठे सरोवर सापडले. ते आज त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आता ती आर्मांची गुहा. १८ सप्टेंबर १८९७ रोजी आर्मां धावतपळत मार्तेलकडे आला. पठारावर त्याला एक विवर दिसले होते. त्यात टाकलेला दगड फार वेळ खाली जात होता. दुसऱ्या दिवशी सारे साहित्य घेऊन मार्तेल, त्याचा तरुण सहकारी आर्मां व्हिरे आणि लोहार आर्मां तेथे गेले. सुमारे पंचाहत्तर मीटरांची उभी उतरण. प्रथम लोहार उतरला. वर टेलिफोन कानाला लावून बसलेल्यांना खालून त्याचा आनंदाने वेडावलेला आवाज ऐकू आला. तेथे दगडाचे अरण्य होते. एका विशाल दालनात सुमारे चारशे ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभे होते, ताडाच्या झाडांसारखे, आणि त्यांतला सर्वांत उंच तीस मीटरांचा, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढा. छतावरून पडणारा एकेक थेंब फुटून चुन्याचा कण मागे ठेवतो आणि त्यातून हे स्तंभ वाढतात. पाण्याने चुनखडी नेली आणि पाण्यानेच ती परत आणून रचली. त्या विवराचे नाव आवँ आर्मां. १९२७ पासून लोक ते तिकीट काढून पाहतात. आर्मांला तो दिवस दिसला नाही. तो १९२१ मध्ये वारला.

१८९९ मध्ये मार्तेलने वकिली सोडली. चाळिशीत, चालता धंदा सोडून, ज्याला बाजारात भाव नाही अशा कामाला पूर्ण वेळ वाहून घेणे सोपे नव्हते. त्याच वर्षी आल्प्समधील देव्होल्वी भागात शुरँ मार्तँ या विवरात तो उतरला, आणि तेथे मात्र तो हरला. उंचावरच्या या विवरांत बर्फ साठलेले असते, बर्फ वितळले की अडकलेले दगड सुटतात आणि उभ्या नळीतून कोसळतात. खाली दोरावर असलेल्या माणसाला लपायला जागा नसते. तळ न पाहताच त्याला परत फिरावे लागले. आल्प्ससारख्या पर्वतांत गुहा इतक्या खोल का जातात, याचे कारण समजण्यास सोपे आहे. चुनखडीचा जाडजूड थर पर्वत घडताना उंच उचलला गेला. बर्फाचे पाणी शिखराजवळ आत शिरते आणि थेट दरीच्या पायथ्याशी बाहेर निघते. या दोन जागांमधली उंची जितकी जास्त, तितकी गुहा खोल जाण्यास वाव जास्त. कॉसमध्ये हा वाव तीन-चारशे मीटरांचा, आल्प्समध्ये हजारांचा. पण तेथे लाकडी पायऱ्यांची जड शिडी पुरी पडत नाही. मार्तेलच्या काळी जगातली सर्वांत खोल ठाऊक असलेली गुहा त्रिएस्त शहराजवळची त्रेबिचानो होती, सुमारे तीनशे एकोणतीस मीटर. ती १८४१ मध्ये लिंडनर नावाच्या माणसाने शोधली होती, आणि तीही पाण्यासाठीच. तहानलेल्या शहराला भूमिगत नदीचे पाणी द्यावे म्हणून.

मार्तेल हेकट होता, असे त्याच्या समकालीनांशी झालेल्या वादांवरून दिसते. चुनखडीत सलग भूजलपातळी नसतेच, तेथे केवळ सुटेसुटे प्रवाह असतात, असे तो ठासून सांगे. पुढच्या अभ्यासकांना आढळले की दोन्ही बाजूंत काही तथ्य होते. आपले मत त्याने फारसे सोडले नाही. १९०५ मध्ये सरकारच्या वतीने पाण्याच्या शोधार्थ त्याने वेर्दों नदीची प्रचंड घळई प्रथमच आतून पार केली. त्या तुकडीत आर्मां होता आणि रुगाँ गावचा शाळामास्तर इझिदोर ब्लाँ हाही होता. लोहार, मास्तर, वकील. मार्तेलच्या बहुतेक मोहिमांची अशीच जमवाजमव असे.

त्याआधी १९०३ मध्ये रशियन सरकारच्या निमंत्रणावरून तो काळ्या समुद्राच्या काठच्या कॉकेशसमध्ये गेला. तेथे आराबिका नावाचा चुनखडीचा पर्वत समुद्राच्या काठाशीच दोन हजार मीटरांहून अधिक उंच गेलेला आहे. मार्तेलने तो पाहिला आणि त्यावर लिहिले. त्याच्यामागून काही वर्षांनी क्रुबर नावाच्या रशियन भूगोलज्ञाने तेथे अभ्यास केला. त्या पर्वतात किती खोल जाता येईल हे त्या दोघांच्या हयातीत कोणी पाहू शकले नाही.

३ जून १९३८ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षात, मार्तेल वारला. पाच वर्षांपूर्वी, १९३३ मध्ये, नॉर्बेर कास्तरे व त्याची पत्नी एलिझाबेथ यांनी पिरेनीजमध्ये तीनशे तीन मीटर खोल विवर शोधून त्याला या वृद्ध गुरूचे नाव दिले होते. त्या वेळी ते फ्रान्समधील सर्वांत खोल विवर होते. मार्तेलने ही बातमी हयातीत ऐकली. १९५६ मध्ये आल्प्सच्या व्हेर्कोर भागातील बेर्जे विवरात माणूस प्रथमच हजार मीटरांच्या खाली गेला. लाकडी शिडीची जागा तारेच्या हलक्या शिडीने घेतली, पुढे तिची जागा एकेरी दोराने घेतली. मेणबत्ती जाऊन विजेचा दिवा आला. दिशा, अंतर आणि उतार यांची टिपणे मात्र अजून घ्यावीच लागतात, कारण खडकाखाली उपग्रहाचा संकेत पोचत नाही.

आणि आराबिका? १९८४ मध्ये संशोधकांनी त्या पर्वताच्या माथ्यावरील गुहांतल्या पाण्यात रंग टाकला, तो थेट समुद्रकाठच्या झऱ्यांत उमटला. म्हणजे पाण्याची वाट दोन हजार मीटरांहून अधिक खोल होती. क्रुबरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रुबेरा गुहेत २००४ मध्ये माणसाने प्रथमच दोन हजार मीटरांची खोली ओलांडली, आणि २०१८ मध्ये त्याच पर्वतातील वेर्योव्किना गुहेत तळ लागला तो दोन हजार दोनशे मीटरांच्याही खाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथे गेलेल्या एका तुकडीला तळाजवळ पुराने गाठले. वर कोठेतरी पाऊस झाला होता. पाणी खालून भरत येऊ लागले तेव्हा मुक्कामाचे सामान तेथेच टाकून ती माणसे दोरांवरून वर चढत राहिली आणि जिवंत बाहेर आली.